उभ्या रेघांमागचा माणूस

१

रोज सकाळी एर्सीलिया आधी पाल्मीरामावशीच्या दुकानात उभ्याउभ्या कॉफी प्यायची, मावशीचा एखादा टोमणा पदरात पाडून घ्यायची आणि मगच पायऱ्या चढून सान सिस्तोच्या देवळाचं दार उघडायची. मोंतेलार्को हे तिचंच गाव. जुन्या चित्रांच्या जतनाचं शिक्षण मात्र तिनं थेट स्कॉटलंडला जाऊन घेतलं होतं. तिथली बरी नोकरी सोडून ती परत आली ती या देवळातल्या एका भिंतीसाठी.

भिंतीवर येशूला पकडून नेतात तो प्रसंग होता. मशाली, भाले, गर्दी, आणि मधोमध दगा देणाऱ्या यहूदाचं ते चुंबन. थोर चित्रकार ज्योत्तोनं पादुआला हाच प्रसंग रंगवला आहे. तिथे डाव्या कडेला एक माणूस आपल्याकडे पाठ करून उभा आहे. डोक्यावरून कपडा ओढलेला, कुणाच्या तरी झग्याला हात घातलेला. त्याचं तोंड कुणाला कधीच दिसत नाही. ज्योत्तोच्या मागून काही वर्षांनी सान सिस्तोत जो कुणी चित्रकार आला, त्यानं नाव मागे ठेवलं नाही. पण त्या पाठमोऱ्या माणसानं त्याला स्वस्थ बसू दिलं नसावं. त्यानं त्याला वळवून उभं केलं होतं. बाकी सगळी गर्दी येशूकडे बघते आहे, हा एकटा दरवाजाकडे तोंड करून उभा.

तोंड म्हणजे तोंडाची जागा. चेहरा खरवडून खरवडून पार गेला होता. आत नुसता करडा चुना.

अशा जागी नवा चेहरा रंगवायचा नसतो. दुसऱ्या महायुद्धानंतर रोममध्ये एक पद्धत रूढ झाली, ती एर्सीलियाला फार प्रिय. गेलेल्या जागेवर पातळ जलरंगानं केसासारख्या उभ्या रेघा ओढायच्या. लांबून खड्डा डोळ्यांना खुपत नाही. जवळ गेलं की रेघा दिसतात आणि बघणाऱ्याला कळतं, हे आजच्या माणसाचं काम आहे, मूळचं नाही. एर्सीलियाच्या दृष्टीनं त्या रेघा म्हणजे सचोटी होती. ‘गेलं ते गेलं असं म्हणायला धैर्य लागतं,’ असं ती लोकांना कळकळीनं सांगायची. लोक कॉफी ढवळत ऐकून घ्यायचे.

जुलैचे दिवस होते. दुपारी दुकानं मिटली, खिडक्यांच्या झडपा ओढल्या गेल्या, तशी तीही देवळाला कुलूप लावून घरी जेवायला गेली. सकाळभर बसून तिनं त्या माणसाचा डावा गाल करड्या-पिवळ्या रेघांनी भरला होता. ऊन कलल्यावर परत येऊन स्टुलावर बसली, भिंग डोळ्याला लावलं आणि रेघा शोधू लागली.

रेघा नव्हत्या. तिथे गाल होता. खाली हिरवट छटा, वर गुलाबी, अगदी त्या काळचे चित्रकार चढवायचे तशी.

२

आपलीच काहीतरी चूक झाली असणार, असं तिनं आधी स्वतःला बजावलं. भिंतीत ओल असली की मीठ फुटून वर येतं, रंगावर पांढरी साय धरते. ती साय ओसरली की दबलेला रंग दिसू लागतो. आसीझीला चिमाबुए या जुन्या चित्रकाराच्या भिंतीवर पांढऱ्याचा काळा झाला आहे, तोही असाच रसायनांचा खेळ. भिंती काहीही करतात. त्याला कारण असतं.

तरी मनात एक गोष्ट सलत राहिली. दोरी.

गावात एक जुनी रीत होती. रविवारच्या प्रार्थनेला, मिस्सेला, आत येताना पवित्र पाण्यात बोट बुडवायचं, आणि बाहेर जाताना घराची किल्ली काढून त्या माणसाच्या तोंडावरून एक रेघ ओढायची. म्हातारेकोतारे ओढायचे, नवरा-नवरी ओढायची. कडेवरच्या पोरांच्या मुठीत किल्ली देऊन आया त्यांच्याकडून ओढून घ्यायच्या. का, ते कुणी सांगत नसे. एर्सीलियानं आल्याआल्या भिंतीसमोर लाल दोरी बांधली आणि पाटी लावली: हात लावू नये.

“दोरी कुणासाठी गं?” पाल्मीरामावशीनं तेव्हा विचारलं होतं. “गाढवं येणारेत का मिस्सेला?”

“किल्ल्या घेऊन येणाऱ्या माणसांसाठी आहे, मावशी.”

“तुझी आईपण ओढायची. तुझा हात धरून.”

“आई करायची म्हणून मीही करायचं? सातशे वर्षांपूर्वीचं चित्र आहे ते. लोक इकडे तिकडे तिकीट काढून बघायला जातात असली चित्रं. आपण आपल्या हातानं त्याचं वाटोळं करतोय.”

“बरं बाई. तू शिकून आलीस.” मावशीनं फडका खांद्यावर टाकला. “आम्हाला काय, आम्ही वाकून नाही ओढणार. गुडघ्यांची सुटका झाली.”

भांडण होईल म्हणून एर्सीलिया कंबर कसून तयार होती. भांडण झालंच नाही, हेच तिला आता खटकू लागलं. त्या रविवारी लोकांनी दोरी पाहिली, किल्ल्या खिशात टाकल्या आणि मोठ्या दाराऐवजी बाजूच्या दारानं निघून गेले. तेव्हापासून सगळे तिकडूनच जात. पाद्री चार गावांना मिळून एकच. तो रविवारी यायचा नि घाईत निघून जायचा. त्याला तर हे दिसलंही नसेल.

मिस्सेच्या शेवटी मोठ्या दाराशी एकटी एर्सीलिया उरायची. आणि भिंतीवरचा तो.

३

दुसऱ्या दिवशी तिनं कॅमेऱ्यातले फोटो लॅपटॉपवर एकाशेजारी एक मांडले. कामाच्या पहिल्या आठवड्यातला चेहरा: करडा खड्डा, त्यात किल्ल्यांचे शेकडो चरे. कालचा चेहरा: फक्त डावा गाल. आजचा: गाल, जबड्याची कड, कानाची पाळी. मीठ ओसरून इतकं काटेकोर काही वर येत नाही. चरेही बुजले होते. खोल चरे, ज्यांत तिचं नख बसायचं.

म्हणजे कुणीतरी येतं. दुपारी, गाव झोपलेलं असताना, कुलूप काढून आत येतं, ओला चुना भरतं आणि रंगवतं. आणि ते ऐऱ्यागैऱ्याचं काम नव्हे. ओल्या चुन्यावर रंग चढवायला हात तयार लागतो. चुना वाळायच्या आत काम उरकावं लागतं, चुकायला मुभा नसते.

मोंतेलार्कोत असा हात एकच होता.

नाझारेनो मास्तर. शाळेत चित्रकला शिकवायचे. वर्गात ना पुस्तकं होती ना पैसा; मास्तरांकडे पोस्टकार्डांचा एक बुटाचा खोका होता. त्यातून एक एक कार्ड काढून ते पोरांसमोर धरायचे. “हे बघा, हा मासाच्चो. आदम-हव्वेला स्वर्गातून हाकललंय. हव्वेचं तोंड बघा. कुणी रडताना असं तोंड केलंय का याच्याआधी? शतकंच्या शतकं सगळे शहाण्यासारखे रडायचे!” आणि मग तेच चित्र फळ्यावर खडूनं जसंच्या तसं काढून दाखवायचे. निवृत्त झाल्यावर त्यांनी यात्रेकरूंसाठी मारियामातेची चित्रं काढून विकली. जुन्या लाकडावर, जुन्या धाटणीची. अस्सल समजून कुणी हुज्जत घातली तर मास्तर हसायचे.

एर्सीलिया आज जे काही होती ते त्या बुटाच्या खोक्यामुळे. तिला हा संशय घेताना स्वतःचीच लाज वाटली. पण एकदा शिरला तो निघेना. ती गावात परतल्यापासून मास्तर तिला टाळत होते. एकदाच, दुकानात, भिंतीकडे बघत म्हणाले होते, “त्या माणसाचं तोंड भरणार नाहीस ना, पोरी?”

“फक्त रेघा, मास्तर. तुम्हाला माहिताय.”

“रेघा,” ते म्हणाले. हात खिशातच. “रेघा बऱ्या.”

आता तिला ते बोलणं वेगळंच ऐकू येऊ लागलं. पेरूजाहून पुरातत्त्व खात्याच्या फाल्कीबाई तपासणीला यायच्या होत्या. भिंतीवर बनावट रंग सापडला तर जबाबदार कोण? जिच्या हातात किल्ली आणि कुंचला, ती. स्वतःच्या नावावरचं पहिलंच काम, आणि नावापुढे कायमचा शिक्का बसणार. ज्या सचोटीच्या गप्पा ती गावभर मारत फिरली, तिच्यासकट.

४

तिनं पाद्र्याकडची दुसरी किल्ली मागून घेतली. बाजूच्या दाराला आतून अडसर घातला. निघताना भिंतीसमोरच्या फरशीवर मैदा चाळून पसरला, नीट, बर्फ पडावा तसा. मोठ्या दाराला कुलूप लावलं आणि समोरच्या पाल्मीरामावशीच्या दुकानात झडपेआड खुर्ची टाकून बसली.

चौकात चिटपाखरू नव्हतं. दगड तापून पांढरे दिसत होते.

“कुणाची राखण चाललीय?” मावशी काउंटरवर डोकं टेकून म्हणाली. “नवरा आणलास की काय तिकडून?”

“चोराची.”

“चोर काहीतरी घेऊन जातो. हा ठेवून जातो, तर त्याला चोर कसं म्हणायचं?”

एर्सीलिया गर्रकन वळली. “काय ठेवून जातो?”

“मला काय माहीत?”

“मावशी, मी कुणाला काही बोलले नाहीये. काय ठेवून जातो?”

पाल्मीरामावशीनं डोळे मिटून घेतले. “गाव केवढं, त्यात देऊळ केवढं,” ती म्हणाली, आणि झोपली तरी, किंवा झोपल्यासारखी राहिली.

दुपारभर दाराशी कुणी फिरकलं नाही. मास्तर नाहीत, कुणी नाही. शेवटी एर्सीलिया उठली. कुलूप काढण्याआधी तिनं दाराला कान लावला, उगाच. आतून एक आवाज येत होता. फार बारीक. कोरड्या भिंतीवर पाणी शिंपडलं की भिंत ते पिताना जसा सरसर आवाज करते, तसा. ती ऐकत राहिली. किल्ली कुलपात शिरली तसा तो थांबला.

मैद्यावर एक पाऊल नव्हतं. देवळात ताज्या चुन्याचा वास कोंदला होता. त्या माणसाला ओठ आले होते. मिटलेले, जरा जाड, खालच्या ओठावर चीर.

तिनं झडपा ओढून अतिनील किरणांचा जांभळा दिवा लावला. या उजेडात नवा रंग लपत नाही, जुन्यावर डागासारखा उठून दिसतो. तिनं कपाळाजवळ आदल्या दिवशी ओढलेल्या रेघा लगेच काळपट पडल्या. गाल, ओठ, जबडा मात्र आजूबाजूच्या सैनिकांच्या चेहऱ्यांत मिसळून गेले होते. त्यांच्याइतकेच जुने. दिवा सांगत होता: हे मूळचं आहे.

दिवा बिघडलाय, ती स्वतःशी म्हणाली. तिनं तो स्वतःच्या हातावर धरून पाहिला, शर्टावर धरून पाहिला. दिवा ठीक होता.

५

आणि मग चोर चुकला.

दुसऱ्या दिवशी दुपारनंतर डोळे आले होते. दोन्ही. लांबट, बदामी, ज्योत्तोच्या घराण्यातले. एर्सीलियानं भिंग लावलं. उजव्या बुबुळात पांढऱ्या रंगाची एक उभी, अरुंद फट होती. डाव्यातही. डोळ्यात उजेडाचं प्रतिबिंब पडतं, तसं.

ती मोठ्यानं हसली. देवळात तिचंच हसू घुमलं.

कारण ही खोड त्या काळची नाहीच! ज्योत्तोच्या माणसांच्या डोळ्यांत बाहेरचं जग उमटत नाही. ती माणसं बघतात, पण त्यांच्या डोळ्यांत काही दिसत नाही. ओल्या, चकचकीत वस्तूंत खोलीच्या खोली उमटवायचं वेड पुढच्या शतकातलं, उत्तरेकडच्या लोकांचं. फान आइकच्या चित्रातल्या गोल आरशात पाठमोरं जोडपं नि दारात उभी माणसं दिसतात. ड्युररनं तर स्वतःच्या बुबुळांत खिडकी रंगवली. मास्तरांच्या खोक्यात ड्युररचं कार्ड होतं, ते त्यांचं लाडकं. “डोळ्यात खिडकी!” म्हणून भिंग फिरवायचे सगळ्या वर्गात.

हात सराईत होता. पण सरावलेला हातच सवयीनं चुकतो. एर्सीलियाला आनंद झाला, आणि त्या आनंदाच्या पाठोपाठ वाईट वाटलं. तिनं कुलूप लावलं आणि थेट मास्तरांचं घर गाठलं.

६

मास्तर स्वयंपाकघरात टेबलाशी बसले होते. झडपा ओढलेल्या, कलिंगडाची फोड समोर, तिला हात न लावलेला.

“बस,” ते म्हणाले.

“नाही बसत. मास्तर, मी तुम्हाला एकदाच विचारते. उद्या फाल्कीबाई यायच्यात. त्याच्या आत खरं सांगा, मी सांभाळून घेईन. तुम्ही करताय ना ते?”

“काय?”

“चेहरा. काम सुंदर आहे, तुमच्याशिवाय कुणाला जमणार नाही. पण डोळ्यात खिडकी काढलीत. तुम्ही, मास्तर! मला ज्यांनी शिकवलं त्यांनी!”

नाझारेनो मास्तरांनी खिशातून दोन्ही हात काढले आणि टेबलावर ठेवले. हात टेबलावर राहिले नाहीत. ते कापत होते. साधे नाही, बोटं एकमेकांवर आपटत होती, ताटलीतला काटा नादत होता.

“दोन वर्षं झाली,” ते म्हणाले. “पाल्मीरा मला कॉफी मोठ्या कपात अर्धी देते, सांडू नये म्हणून. तुझ्या लक्षात नाही आलं. येईल कसं, तू भिंतीकडे बघत होतीस.”

एर्सीलिया बसली.

“माफ करा, मास्तर.”

“ते राहू दे. कसली खिडकी म्हणालीस?”

“पांढरी फट. उभी. अशी.” तिनं बोटानं टेबलावर काढून दाखवली.

“सान सिस्तोच्या खिडक्या गोल आहेत.”

“म्हणूनच तर...” ती बोलायची थांबली. देवळात उभं, अरुंद, पांढरं काय होतं, ते दोघांच्याही एकदमच डोळ्यांपुढे आलं असावं. उजेडासाठी ती मोठं दार नेहमी अर्धवट उघडं ठेवून बसायची.

“माझ्याबरोबर चला,” ती म्हणाली. “मला वेड लागलंय का ते सांगायला तरी चला.”

“मी आत येणार नाही.”

“दारापर्यंत या.”

७

ती भिंग घेऊन स्टुलावर बसली. मागे दार अर्धवट उघडं, त्यातून उन्हाची फट आत पडलेली. समोर, बुबुळात, पांढरी फट.

“मास्तर, दारात या. मधोमध उभे राहा.”

मागे बूट घासल्याचा आवाज झाला. बुबुळातल्या पांढऱ्या फटीत एक काळा कण आला. मोहरीएवढाही नसेल. त्याला डोकं होतं, आणि खाली काहीतरी थरथरत होतं.

रंगाचा एखादा कण असेल, भिंगावरची धूळ असेल, असं तिच्या डोक्यात येऊन गेलं. तिनं भिंग पुसलं. कण होता तिथेच होता.

“आता दार लोटा,” ती म्हणाली. आवाज तिचा तिलाच ओळखू आला नाही.

दार चरचरत बंद झालं. डोळ्यातला उजेड मालवला.

गोल खिडक्यांतून वरून थोडा उजेड येत होता, तेवढ्यात चेहऱ्याची कड दिसत होती. मग तिनं अंगठा पुढे केला आणि बुबुळाला टेकवला. मागे घेतला, तेव्हा अंगठा ओला होता.

“मास्तर!”

“इथेच आहे.”

“दिवा म्हणतो, मूळचं आहे. मूळच्या रंगाला हात लावायचा नाही. तुम्ही शिकवलंत. मासाच्चोच्या आदम-हव्वेवर नंतर कुणी पानं रंगवली, ती काढली, कारण ती नंतरची होती. हे नंतरचं नाहीये. हे मूळचं आहे. मग मी काय करू?”

दाराबाहेरून त्यांचा आवाज आला, लाकडामागून जड झालेला. “मी शिकवलं ते खोटं नव्हतं, पोरी. पण ते चित्रांबद्दल होतं.”

तिनं हत्यारांच्या खोक्यातून पातं काढलं. ते पातं तिनं आजवर फक्त मूळच्या रंगावरची घाण उचलायला वापरलं होतं, श्वास रोखून. आता तिनं ते डोळ्याच्या कोपऱ्यात टेकवलं आणि दाबलं. सातशे वर्षांचा चुना खडूसारखा तुटायला हवा होता. तो लोण्यासारखा निघाला. ती रडत होती. जे जपायला ती एवढ्या लांबून आली होती तेच ती खरवडत होती, आणि थांबवत नव्हतं. तिनं उजवा डोळा काढला, मग डावा. दोन्ही जागी खोल, करडे खड्डे पडेपर्यंत ती खरवडत राहिली. नखांत चुना भरला.

दार उघडलं तेव्हा मास्तर पायरीवर बसलेले होते, देवळाकडे पाठ करून.

“झालं?”

“झालं.”

“घरी जा. हात धू,” ते म्हणाले, पण तिच्या हाताकडे त्यांनी पाहिलं नाही.

ती घरी गेली. हात मात्र धुतले नाहीत. का ते तिलाही सांगता आलं नसतं. उद्या कुणी विचारलं तर आपण हे खरंच केलं याचा कसलातरी पुरावा जवळ असावा, असं काहीसं तिच्या मनात होतं.

८

फाल्कीबाई सकाळी उन्हाआधी आल्या. पन्नाशीच्या, नीटनेटक्या, गाडी चौकात सावलीला लावली, पाल्मीरामावशीकडे पाण्याचा ग्लास मागून प्यायल्या आणि वर आल्या. भिंतीचा वरचा भाग त्यांनी समाधानानं पाहिला. मशाली, भाले, एर्सीलियाच्या रेघा. “छान,” त्या म्हणाल्या. “फार संयमानं केलंत.”

मग खाली, कडेच्या माणसाशी आल्या. एर्सीलिया मुद्दाम दोन पावलं मागे उभी होती, नजर फरशीवर.

“हे ओरखडे ताजे आहेत.”

“हो.”

“कुणी केले?”

“मी.”

फाल्कीबाईंनी चष्मा काढला. “तुम्ही? गावातल्या कुणी नाही?”

“मी, मॅडम. पात्यानं. शुद्धीत.”

“कशासाठी?”

एर्सीलियानं चुना भरलेली नखं पाठीमागे लपवली.

“स्कॉटलंडला हेच शिकवतात का?”

“नाही. हे इथलं आहे.”

फाल्कीबाई चिडल्या नाहीत, ते जास्त लागलं. त्या हळू आवाजात म्हणाल्या, “तुम्हाला काम थांबवावं लागेल. आजच. मी लिहीन ते खरं लिहीन, तुम्ही समजून घ्याल.” मग वाकून चेहऱ्याजवळ गेल्या, आणि त्यांचा आवाज एकदम मऊ झाला. “चांगल्या घराण्यातला हात आहे. ओठ बघा. नशीब, हा डोळा तरी सोडलात. किती जिवंत आहे. ओला वाटतो.”

एर्सीलियानं कोणताच डोळा सोडला नव्हता. दोन्ही डोळ्यांचा चुना तिच्या नखांत होता. तिनं मान वर केली नाही.

“मॅडम, दोरी काढू द्या. लोकांना करायचं ते करू द्या. मी हात जोडते.”

“दोरीनं भागणार नाही, ते दिसतंच आहे,” फाल्कीबाई सरळ होत म्हणाल्या. “इथे काच बसवू. जाड. उद्याच माणसं पाठवते. कुणाचं बोट लागता कामा नये. राग मानू नका, तुमचं तर मुळीच नाही.”

“मॅडम, त्याच्या समोर फार वेळ...”

“त्याच्या?” त्या क्षणभर थांबल्या. मग तिच्या खांद्याला हात लावून म्हणाल्या, “घरी जाऊन झोप घ्या.”

आत फोनला रेंज नव्हती. त्या मोठ्या दारात जाऊन उभ्या राहिल्या आणि काच बसवणाऱ्यांशी बोलू लागल्या. लांबी, रुंदी, जाडी. त्यांचा आवाज ऐकत एर्सीलियानं अखेर वर पाहिलं.

डावा खड्डा तिनं काढला तसाच होता. उजव्या जागी डोळा होता. त्यात पांढरी फट, आणि फटीत काळा कण, कानाशी हात नेलेला.

बोलणं संपलं. “येते,” असं फाल्कीबाई म्हणाल्या, आणि त्यांच्या टाचांचा आवाज पायऱ्या उतरत लांब गेला.

कण तिथेच होता.

एर्सीलियानं वळून पाहिलं. दार रिकामं होतं, उन्हानं भरलेलं. तिनं पुन्हा डोळ्याकडे पाहिलं. कण आता फटीत नव्हता. तो अलीकडे, बुबुळाच्या काळ्यात आला होता. हात कानाशीच.

खाली चौकात गाडीचं दार लागलं. एर्सीलिया इंजिनाच्या आवाजाची वाट बघत राहिली. कबुतरं फडफडली, कुणीतरी झडप ओढली. इंजिनाचा आवाज आला नाही.

थोड्या वेळानं पाल्मीरामावशीची हाक ऐकू आली. “मॅडम? अहो मॅडम? अशा काय बसून राहिलात?”

मग गाडीच्या काचेवर बोटांची टकटक. आधी हळू, आणि मग जोरजोरात.